संगणकाला पोलादी पेटी



धान्याची कणगी उंदरापासून सांभाळायची हे आपल्याला सांगावे लागत नाही. पण ज्या संगणकात सगळ्या गावाच्या दुधाचा हिशेब असतो, तो मात्र पातळ पत्र्याच्या डब्यात राहतो. आमच्या भागातल्या एका संकलन केंद्रात गेल्या पावसाळ्यात डब्याच्या मागच्या उघड्या खाचेतून उंदीर शिरला. त्याने वायरी कुरतडल्या आणि दहा दिवसांचा हिशेब पावत्या गोळा करून पुन्हा लिहावा लागला. अशा जागी जाड पत्र्याची पेटी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडूनच करून घेता येते.

आधी माप घ्या. संगणकाचा मोठा बोर्ड 305 × 244 मि.मी. असतो, लहान 244 × 244. वीजपुरवठ्याचा डबा 150 मि.मी. रुंद व 86 मि.मी. उंच. या हिशेबाने 450 × 450 × 220 मि.मी.ची पेटी पुरते. 16 गेजचा, म्हणजे सुमारे 1.6 मि.मी. जाडीचा पत्रा वापरलात तर रिकामी पेटी 10 किलोच्या आसपास भरेल. तेव्हा खालचे टेबलही दणकट हवे.

जुन्या डब्यातली बोर्डाची पाटी आणि मागची खाचांची पट्टी कापून नव्या पेटीत बसवा, म्हणजे भोके आपोआप जुळतात. बोर्ड पितळी खुंट्यांवरच बसवावा. पत्र्याला टेकला तर शॉर्ट होऊन जळेल. वेल्डिंग, भोके पाडणे, कानस मारणे, रंग, सगळे आधी उरकून घ्या. लोखंडाचा कीस झटकून मगच संगणक आत ठेवा.

पेटी बंद केली की उष्णता आत कोंडते. म्हणून पुढे खालच्या बाजूला हवा आत ओढणारा 120 मि.मी.चा पंखा आणि मागे वर बाहेर फेकणारा दुसरा पंखा बसवा. त्यांच्या स्क्रूच्या भोकांत 105 मि.मी. अंतर असते. प्रत्येक झरोक्याला बारीक तारेची जाळी हवीच, कारण बोटभर फटीतूनही उंदराचे पिल्लू शिरते. आतल्या पंख्यापुढे पातळ स्पंज लावा व पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा.

आता जिवाची गोष्ट. पेटी लोखंडी आहे. एखादी वायर सोलली गेली तर सगळी पेटी झटका देईल. एके ठिकाणी रंग खरवडून बोल्टने हिरवी अर्थिंगची वायर घट्ट बांधा आणि सॉकेटचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग मिळत नाही म्हणून ती वायर न्यूट्रलला जोडण्याचा उद्योग मुळीच करू नका. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीलाही हाच नियम आहे.

खताची पोती व फवारणीची औषधे ज्या खोलीत असतात, तिथे संगणक ठेवू नये. ओल आणि खताची वाफ तांब्याला खाते.

आणि शेवटी एक सांगतो. पेटी यंत्र राखील, हिशेब राखीलच असे नाही. दर आठवड्याला त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या घरात ठेवा. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.