मातीतला कर्ब आणि नवे खोत

हवेतील कर्बवायू शेतजमिनीत साठवा आणि त्याबद्दल पैसे घ्या, अशी हाक गेली काही वर्षे शेतकऱ्याला ऐकू येत आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. एक टन कर्बवायू मातीत वा झाडांत साठवला की एक क्रेडिट. ते विकत घेऊन दूरचा कारखानदार आपल्या धुराचा हिशेब मिटवणार. हा बाजार उद्या पोलादपूर तालुक्यातील कापड्यासारख्या गावाच्या वेशीवर आला, तर आपल्या कार्यकर्त्यांनी काय सांगावे, हे आजच ठरले पाहिजे.

मूळ शास्त्र खोटे नाही. जमीन कमी उकरली, मुळे व पालापाचोळा तिच्यातच कुजू दिला, तर मातीतील सेंद्रिय कर्ब वाढतो आणि माती पाणी धरून ठेवते. याच रायगड जिल्ह्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात भात गादीवाफ्यावर टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही, राब भाजणे नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच राहतात. ज्या मुलखातील तरुण हात मुंबईला गेले, तेथे लावणीचे कष्ट वाचवणारी पद्धत स्वतःच्या गुणावर स्वीकारण्याजोगी आहे. त्यासाठी कोणाशी कर्बाचा करार करण्याची गरज नाही.

आता त्या करारातील पैशाचा हिशेब पाहू. उदाहरणादाखल एकरी वर्षाला एक टन साठा आणि टनाला एक हजार रुपये भाव धरला, तर वीस गुंठे शेती असलेल्या कुटुंबाचे पाचशे रुपये होतात. त्यातून मोजणी, तपासणी, नोंदणी आणि मध्यस्थाचा वाटा जाणार. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे वर्षभराची ही ढोबळ मिळकत दोन दिवसांच्या मजुरीइतकीही नाही. हरियाणा व मध्य प्रदेशातील अशा काही प्रकल्पांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ कोणाही शेतकऱ्याच्या हाती पैसा पडलेला नव्हता.

याहून गंभीर गोष्ट अटींची आहे. या बाजारात मोल आहे ते नव्या साठ्याला. ज्याने वरकस उतारावरचे ऐन आणि किंजळ पिढ्यान् पिढ्या राखले, त्याच्या पदरी काही नाही. शिवाय साठा वर्षानुवर्षे टिकवण्याची हमी हवी. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाडमधील तळिये आणि पोलादपूरमधील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, माणसे गाडली गेली. जेथे डोंगरच जागेवर राहण्याची शाश्वती नाही, तेथे मातीतल्या कर्बाची हमी शेतकऱ्याने कशाच्या बळावर द्यावी? आणि राबासाठी फांद्या तोडणे, गुरे चारणे यांवर बंधन आले, तर ते सोसणार कोण? सातबाऱ्यावर नावे अनेकांची, त्यांतील निम्मी गावाबाहेर. प्रत्यक्ष शेतात राबणाऱ्या बाईचे नाव बहुधा त्यात नसतेच.

कोकणच्या मातीला असा अनुभव नवा नाही. खोत शेत कसत नसे, पण अर्धेल नेत असे. त्याविरुद्ध १९३३ पासून अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सुमारे सहा वर्षे संप चालवला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. एवढ्या झगड्यानंतर जमीन कसणाऱ्याची झाली. तिच्यातल्या कर्बावरचा हक्क न वाचलेल्या कागदावर लिहून दिला, तर खोत नव्या नावाने परत येईल.

चार पैसे मिळत असतील तर का सोडावेत, असे कोणी विचारील. त्या गरजेला आम्ही हसत नाही. परंतु ते हक्काने मिळावेत. करार मराठीत असावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. तो एकेकट्या शेतकऱ्याशी न होता गावाच्या सहकारी संस्थेशी व्हावा. क्रेडिट कोणत्या भावाने विकले ते जाहीर व्हावे. दरड, पूर, वणवा यांची जोखीम विकत घेणाऱ्याने उचलावी. सर्व हिस्सेदारांबरोबर कसणाऱ्या बाईचीही संमती घेतली जावी, आणि करार सोडण्याचा मार्ग खुला असावा.

मुख्य मागणी मात्र सरकारकडे आहे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने बांधबंदिस्ती आणि उतारावरील झाडे राखण्याचे दाम शेतकऱ्याला थेट द्यावे. माती सांभाळणे हे सार्वजनिक काम आहे. ते कोणाच्या धुरांड्याला परवाना मिळवून देण्यासाठी नाही. धूर जेथे निघतो तेथेच कमी झाला पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी वाडीवाडीवर जाऊन एवढेच सांगावे : सर्वांनी मिळून वाचल्याखेरीज कोणत्याही कागदावर अंगठा उठवू नका.