पाच वर्षांची हमी आणि एकटा ग्राहक

पहिल्या पावसाळ्यात नव्या घराच्या भिंतीला ओल येते. बिल्डरचा माणूस येऊन रंगाचा हात मारून जातो. दुसऱ्या पावसाळ्यात ओल पुन्हा उमटते, तोवर बिल्डरचे विक्री कार्यालय उठलेले असते. मुंबई-पुण्याच्या उपनगरांत भविष्यनिर्वाह निधी मोडून, वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेणाऱ्या कामगाराला वा शिक्षकाला हा अनुभव नवा नाही.

वस्तुतः कायदा त्याच्या बाजूचा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे ‘रेरा’च्या, कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या रचनेत, कारागिरीत, दर्जात वा सेवासुविधांत दोष दाखवून दिल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे, अन्यथा ग्राहक नुकसानभरपाईस पात्र ठरतो. तेव्हा ‘पाच वर्षांची वॉरंटी’ अशी जाहिरात करणारा बिल्डर कायद्याने लादलेले कर्तव्यच मेहेरबानी म्हणून विकत असतो! लिफ्टच्या वा पंपाच्या कंपनीची वॉरंटी ही निराळी बाब. तिची मुदत सरली की आपलेही दायित्व सरले, असे भासवण्याचा डाव ओळखला पाहिजे.

मग ही हमी पांगळी का ठरते? काँक्रीटमध्ये काय गेले हे विकणाऱ्याला ठाऊक असते. घेणाऱ्याला दिसतो तो गिलावा. माहितीच्या या विषमतेने बाजार कसा नासतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले. मोटार निदान चालवून तरी पाहता येते. त्यातच, सदनिकाधारकाने बांधकामात फेरफार केल्यास हमी रद्द, असे कलम करारनाम्यात असते. मग स्वयंपाकघराचा ओटा बदलणाऱ्याच्या माथी बाहेरच्या भिंतीच्या गळतीचे खापरही फुटते. तोंडी तक्रारी आणि ‘माणूस पाठवतो’ ही आश्वासने यांत मुदत निघून जाते.

कायद्यातही पळवाट आहेच. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील वा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. स्वस्त घराच्या शोधातील माणूस बहुधा अशाच इमारतींकडे वळतो.

म्हणून हा प्रश्न एकेकट्याच्या हुशारीवर सोडता येणार नाही. छप्पर, पाण्याची टाकी, सांडपाण्याच्या वाहिन्या सर्वांच्या. तक्रारही सर्वांची हवी. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील नव्या इमारतींत रहिवाशांची बैठक घ्यावी, सोसायटीच्या स्थापनेचा आग्रह धरावा, ताबापत्रांच्या तारखा टिपाव्यात, दोषांची यादी छायाचित्रांसह लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तीस दिवसांत काम न झाल्यास महारेराचे दार ठोठवावे. सुरुवात करायची ती ताबा मिळून चार वर्षे उलटलेल्या इमारतींपासून. तेथे वर्षाहूनही कमी अवधी उरला आहे.