उन्हाळी फेरी, भाकरी आणि हेल्मेट
गाळप हंगाम संपला, उसाच्या ट्रॉल्या थांबल्या, की श्रीपूर-अकलूज रस्ता मोकळा होतो आणि आमच्या भागातल्या मोटारसायकलवाल्यांचे दिवस सुरू होतात. इथला पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पहाटे पाचला किक मारायची आणि अकराच्या आत घर गाठायचं. जवळ जायचं तर वेळापूरचं अर्धनारीनटेश्वर, नाहीतर नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर. लांबचा पल्ला हवा तर इंदापूरवरून पळसदेव. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं पळसनाथाचं जुनं मंदिर पाणी खूप खाली गेलं की उघडं पडतं, ते पाहायला उन्हाळ्यातच जावं. निघण्याआधी टायर गार असतानाच हवा मोजावी, कारण धावून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. वाटेत लिंबाच्या सावलीत गाड्या लागतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची फडकी सुटतात. तिथे कारखान्यातला फिटर, शाळेतले गुरुजी आणि कॉलेजची पोरं एका पंगतीला बसतात. म्हैसूरला १९९६ पर्यंत बनत असलेली येझदी एखाद्याने आणलेली असली, तर जुना मिस्त्री पोरांना इंजिनाचा आवाज ओळखायला शिकवतो. हे शिक्षण आणि हा सहवास गावाला हवाच आहे. म्हणून फेरी काढणाऱ्यांनी एक नियम कडक पाळावा: चालवणारा असो वा मागे बसणारा, हेल्मेट नसेल तर त्याला फेरीत घेऊ नये.