विखुरलेल्या मनाचा कल्याणमित्र

निवासी शाळेत आलेल्या मुलाच्या जेवणाची, अभ्यासाची आणि शिस्तीची काळजी आपण घेतो. त्याच्या मनाची काळजी घेण्याचे शिक्षण मात्र आम्हा शिक्षकांना क्वचितच मिळते. ही उणीव आम्हाला एका विद्यार्थिनीमुळे कळली.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, आमच्या वर्गातील ही मुलगी स्वतःच्याच वहीतील मजकूर आपण लिहिलाच नाही, असे सांगे. कधी ती अगदी लहान मुलीसारखी बोले, तर कधी अनोळखी, कठोर स्वरात. काल घडलेले तिला आज आठवत नसे. आम्ही तिला खोटारडी ठरवले. गावाने ‘अंगात येते’ असे ठरवले. मानसोपचारतज्ज्ञांनी डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डरचे निदान केल्याचे आमच्या कानी आले, तेव्हा तिने शाळा सोडलेली होती.

‘मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ हे या विकाराचे जुने नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ साली बदलले. एका देहात अनेक माणसे राहत नसतात. एकाच माणसाची ओळख व स्मृती एकसंध झालेली नसते, हा त्यामागील विचार होय. बहुतेक रुग्णांच्या बालपणी वारंवार झालेला छळ वा अत्याचार आढळतो. असह्य ते सोसण्यासाठी बालमनाने केलेली ती विभागणी असते. ते सोंग नव्हे, भूतबाधा नव्हे आणि स्किझोफ्रेनियाही नव्हे.

यावरील मुख्य उपचार म्हणजे तज्ज्ञांकडील दीर्घकाळचा मानसोपचार. परंतु तज्ज्ञांची भेट ठरावीक वेळेपुरती. उरलेले दिवस कोणाच्या आधाराने काढायचे? आमच्या मते कल्याणमित्राचे कार्य येथे सुरू होते.

काय घडले, केव्हा घडले, पुरावा काय, हे विचारणे इतिहासाच्या अध्यापकाच्या अंगवळणी पडलेले असते. येथे हीच सवय घातक ठरते. खोदून विचारल्याने जखम पुन्हा उघडते आणि सुचवलेली गोष्टच आठवण म्हणून रुजण्याचा धोका असतो. भूतकाळ उलगडणे हे तज्ज्ञांचे काम. वर्तमान सुरक्षित राखणे हे आपले. विद्यार्थी कोणत्याही अवस्थेत समोर आला तरी आपले वागणे तेच असावे. एका रूपाचे कौतुक व दुसऱ्याचा तिरस्कार करू नये. तो गोंधळल्यास आजचा वार, ठिकाण आणि आपले नाव शांतपणे सांगावे. विसरलेला दिवस भरून काढण्यासाठी दैनंदिनी ठेवण्यास मदत करावी.

‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र कधीच देऊ नये. बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे, हे मुलाला आधीच सांगावे. आत्मघाताचा विचार त्याने बोलून दाखवल्यास त्याला एकटे न सोडता तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

हा भार एकट्या शिक्षकाने वाहू नये. म्हणूनच प्रत्येक वसतिगृहाने आपले शिक्षक व अधीक्षक यांना हे प्राथमिक प्रशिक्षण द्यावे आणि एका मानसोपचारतज्ज्ञाशी कायमचा संपर्क ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्या मुलीची क्षमा मागण्याची संधी आम्हाला मिळाली नाही. उद्या आपल्या वर्गात येणाऱ्या अशा मुलावर तरी खोटेपणाचा शिक्का बसू नये.