आंबेमोहर आणि बर्बन

मंडळी, ज्या मास्तरानं वर्गात पस्तीस वर्षं व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घेतले, तो आज व्हिस्कीवर लिहितोय म्हणून जुने विद्यार्थी हसतील. हसू द्या. (परवाना काढलेला आहे, काळजी नसावी.)

झालं असं, की अमेरिकेतल्या भाच्यानं येताना दोन बाटल्या आणि एक चपटी आणली. जिम बीम, जॅक डॅनियल्स आणि मेकर्स मार्क. बाहेर मुळशीचा पाऊस, पुढ्यात भाजलेले शेंगदाणे. थोडं पाणी घालून तिन्ही घोट घोट घेऊन पाहिल्या. जिम बीमला भाजक्या कणसाचा वास, आणि शेवटी जिभेवर राय नावाच्या धान्याचा तिखटपणा. जॅक डॅनियल्स मेपलच्या कोळशातून गाळतात. तिच्यात मला पिकलं केळं आणि किंचित धूर लागला. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असतो. ती सगळ्यात मऊ, काकवीसारखी. मला तीच आवडली. हिनं तिन्ही ग्लास नुसते हुंगले आणि "खोकल्याचं औषध" म्हणून मोकळी झाली.

पण चवीपेक्षा मला तिकडचा कायदा आवडला. बर्बन म्हणायचं तर किमान ५१ टक्के मका हवाच. ओकचं पिंप नवं कोरं आणि आतून जाळलेलं हवं. वरून रंग नाही, वास नाही, घालायचं तर फक्त पाणी. तेही काही फार सोवळे नाहीत म्हणा. जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवणारा नेअरेस्ट ग्रीन हा गुलाम होता, आणि त्याचं नाव कंपनीनं उघडपणे घ्यायला २०१६ साल उजाडलं.

आपल्याकडे? कित्येक स्वस्त व्हिस्क्यांत धान्य नावापुरतं, बाकी उसाच्या मळीचा अल्कोहोल. युरोपात ती व्हिस्की या नावानं विकताच येत नाही. मळी वाईट असं मी म्हणत नाही, रम मळीचीच असते. पण मग बाटलीवर ठळक तसं लिहा की!

मला हे लागतं, कारण आमचं घर भातवाल्यांचं. मुळशी-मावळचा आंबेमोहर शिजला की शेजारच्या घरी कळायचं. पण रोप उंच, वाऱ्यापावसात लोळतं, उतारा कमी. म्हणून लोक इंद्रायणीकडे वळले. ती निदान आंबेमोहराचीच लेक, आणि स्वतःच्या नावानं विकली जाते. शहरात मात्र 'आंबेमोहर' म्हणाल तेवढी पोती! गेल्या दिवाळीला एका दुकानातून मीच आणला. शिजला, पण वास कसला तो नाहीच. भौगोलिक मानांकन असून ही गत. खोटा निम्म्या किमतीत मिळत असेल तर खऱ्याला भाव कोण देणार? धाकट्या भावानं तीन वर्षांपूर्वी आंबेमोहर लावणं सोडलं. आता बांधालगत बियाण्यापुरता करतो.

त्यातलाच किलोभर सडून भाच्याला जाताना बांधून दिला.