इंग्रजी पहिलीचा वर्ग

गेल्या हिवाळ्यात आम्ही पहिली-दुसरीची मुले घेऊन शिरपामाळावर गेलो होतो. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांची भेट या माळावर झाली, असे परंपरेने सांगतात. दुसरीतील एका मुलाने या स्थळाची माहिती देणारी पाच इंग्रजी वाक्ये न अडखळता म्हणून दाखविली. सोबतच्या पालकांनी टाळ्या वाजविल्या. खरे सांगायचे तर आम्हीही वाजविल्या. परतताना तोच मुलगा स्वयंपाकघरातील ताईंना आपल्या वारली बोलीत विचारीत होता की, दोन राजे भेटले तेव्हा एकाचे बोलणे दुसऱ्याला कळले कसे? इतका चांगला प्रश्न त्याला वर्गात विचारता आला नसता. इंग्रजीत तो विचारण्यापुरते शब्द त्याच्याजवळ नव्हते आणि वर्गावरील बाईंना वारली येत नव्हती.

पहिलीपासून संपूर्ण इंग्रजी माध्यम करावे, अशी मागणी आमच्या पालकसभेत वारंवार होते. या मागणीची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. मातृभाषेची थोरवी सांगणारे वक्ते स्वतःची नातवंडे कोणत्या शाळेत घालतात, हे पालकांना पक्के ठाऊक आहे. दिवाळी सरली की वीटभट्टीची वाट धरणाऱ्या बापाने आपल्या लेकीसाठी इंग्रजी मागितली, तर त्याला भाषाभिमानाचे धडे देण्याचा अधिकार आम्हांस नाही. माध्यम निवडण्याचा पालकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला आहे. राज्याचा आदिवासी विकास विभागही आदिवासी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या नामांकित निवासी शाळांत सरकारी खर्चाने पाठवितो. तेव्हा इंग्रजी हवी की नको, हा वाद आमच्यापुरता संपलेला आहे.

आमची काळजी निराळी आहे. सहा वर्षांचे मूल आई सोडून वसतिगृहात येते. दिवसभर वर्गात इंग्रजी, प्रार्थनेत मराठी, आणि रात्री पोटात कळ आली की तोंडून निघते ती कोकणा, वारली किंवा कातकरी. ती ऐकून समजणारे कोणी जवळ नसेल तर मूल गप्प बसते. लघवीला जाण्याची परवानगी मागायचे इंग्रजी वाक्य आठवले नाही म्हणून वर्गात चड्डी ओली करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. अशा मुलाच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडतो. पुढे ते फळ्यावरचे सुरेख अक्षरात उतरवून घेऊ लागते, आणि त्याला शिकवलेले कळले आहे, असा आपल्या सर्वांचाच समज होतो.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्या सभेत हटकून दिले जाते, म्हणून ते नीट पाहिले पाहिजे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दाखल झाले ते इंग्रजी पहिलीच्या वर्गात. वय नऊ वर्षे. त्या काळी इंग्रजी पहिली हा वर्ग मराठीतील प्राथमिक शिक्षणानंतर येत असे. वाचन, लेखन, हिशेब यांची बैठक मराठीत बसली आणि मग इंग्रजी आली. कोलंबिया व लंडन येथे इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो मराठीत.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगावी लागेल. बाबासाहेबांच्या घरी मराठी होती. आमच्या वारली, कोकणा, कातकरी मुलांना शाळेची मराठीही शेजारघरची वाटते. म्हणून नुसते मराठी माध्यम ठेवले की मूल सुखरूप, असे समजणे हीदेखील फसवणूकच. आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला व पुढे कोसबाडला काम सुरू केले, तेव्हा त्यांना शाळाच पाड्यांवर आणि गुरे चरतात त्या कुरणांत न्यावी लागली. तेथवर जाण्याची त्यांची तयारी होती, म्हणून ती मुले शिकली.

परभाषेत बुडवून शिकविण्याचा प्रयोग ज्या गावाच्या नावे जगभर ओळखला जातो, ते कॅनडातील मॉन्ट्रियलजवळचे सेंट लॅम्बर्ट. १९६५ साली तेथील इंग्रजी भाषक पालकांनीच आपली बालवर्गातील मुले फ्रेंचमधून शिकविण्याचा आग्रह धरला आणि प्रयोग यशस्वी झाला. परंतु त्या मुलांची इंग्रजी घरीदारी मानाने नांदत होती. मूल इंग्रजीत बोलले तर शिक्षिकेला ते समजत होते, आणि दुसरीपासून इंग्रजीचे तासही सुरू झाले. आपण त्या प्रयोगातून परभाषा तेवढी उचलतो आणि मुलाचे ऐकून घेणारी शिक्षिका तिथेच ठेवून येतो.

आमचे मत असे की, पहिल्या दिवसापासून इंग्रजी कानांवर पडावी; गाण्यांतून, खेळांतून, सूचनांतून, रोज तासभर. वाचायला मात्र मुलाने प्रथम मराठीत शिकावे, आणि मराठीकडे त्याला त्याच्या बोलीतून आणावे. तिसरीपासून गणित इंग्रजीत घ्यायला आमची हरकत नाही. काही पालकांना हे सावकाशीचे वाटेल. त्यांना आमची विनंती आहे की, एकदा संध्याकाळी वसतिगृहात येऊन पहिलीच्या मुलांजवळ तासभर बसावे.

हे घडण्यासाठी बोली घरची असलेली आणि इंग्रजी चांगली येणारी शिक्षिका लागते. जाहिरात देऊन ती मिळत नाही, हा आमचा अनुभव आहे. मात्र आपल्या माजी विद्यार्थिनींपैकी काहींनी डी. एड. केले असून त्या शहरांतील इंग्रजी शाळांत शिकवीत आहेत. तेथे मिळते तेवढे वेतन आम्ही देऊ शकणार नाही, हे आधीच सांगतो. राहण्याची सोय आहे. पहिलीचा वर्ग जूनच्या मध्यास भरेल. त्यापूर्वी एकीने जरी कळविले, तरी यंदाची बत्तीस मुले तिच्या हाती देण्यास आम्ही तयार आहोत.