रणातून खाडीकडे

डोंबिवलीहून ठाण्याला लोकल, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, पुढे रिक्षा. एका दिवसात किनारा आणि वाळवंट दोन्ही भेटतील अशी याहून जवळची सहल मला ठाऊक नाही. इथे वाळवंट आपल्याकडे उडत येतं.

ठाणे खाडीत हिवाळ्यात उतरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, यांचं भारतातलं मोठं वीणस्थान कच्छचं रण आहे. पावसाळ्यात रणात उथळ पाणी साचतं, तेव्हा ते तिथे चिखलाची बुटकी घरटी रचतात. पाणी आटलं की खाडीची वाट धरतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर चोच उलटी धरून शेवाळ गाळून खातात. त्याच शेवाळातल्या रंगद्रव्याने पंख गुलाबी होतात.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट भरतीच्या वेळा पाहून सुटते, म्हणून आधी चौकशी करावी. सोबतचा मार्गदर्शक तिवरांमधला बगळा दाखवतो तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवा. नुसतं बघा. मुलांना तर आवर्जून न्या.

2015 मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. पण कल्याणच्या उल्हास नदीतलं पाणीही या खाडीत येतं. आपल्या नाल्यांतलं प्लास्टिक तिवरांच्या मुळांशी अडकलेलं बोटीतून स्पष्ट दिसतं. ते पाहून मला फार वाईट वाटलं.